ऊन न पाहिलेले फडके

पावसाची सर नुकतीच ओसरली होती आणि आंब्याच्या पानांतून अजून थेंब गळत होते. पण झाडाखाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना त्याची जाणीव नव्हती. सगळ्यांची नजर फोंडोच्या तांबड्या कुत्रीच्या पाठीवर खिळली होती. दोन तरण्या गड्यांनी तिला जमिनीशी दाबून धरले होते. खाजवून खाजवून पाठीवरचे केस गेले होते आणि उघड्या कातडीवर टणक फोड आले होते. प्रत्येक फोडाच्या टोकाला टाचणी टोचल्यासारखे बारीक छिद्र होते. त्यांतल्या एका छिद्रावर डॉक्टर-प्रोफेसर त्सुमा मधल्या बोटाने खोबरेल चोपडत होता.

डॉक्टर आणि प्रोफेसर या दोन्ही पदव्या त्याने स्वतःच स्वतःला दिल्या होत्या. खाडीपलीकडून तो आमच्या गावात आला, तेव्हा त्या त्याच्या सायकलला बांधलेल्या पत्र्यावर रंगवलेल्या होत्या. आणि पत्र्यावर रंगवलेल्या अक्षरांबद्दल आमच्या लोकांना अजून फार आदर आहे. अंगात पांढरा शर्ट. त्याच्या बाह्यांवरची घडी इतकी धारदार, की त्या चिखलाच्या दिवसांत ती पाहूनच माणसाचा अर्धा विश्वास बसे.

"गप्प! कुणी हलू नका!" तो गरजला. "गुहेतल्या झऱ्याचं पाणी माझ्या जिभेवर आहे! अरे किड्या, तू चालत आला नाहीस, तू उडत आला नाहीस, तुला कुणीतरी धाडलाय! समुद्र खारा कुणी केला, ते मला माहीत आहे. माडाच्या डोक्यात पाणी कुणी भरलं, ते मला माहीत आहे. मग या मुक्या जिवाच्या कातडीत तुला कुणी भरला, ते मला कळणार नाही होय? बोल! तोंड नसेल तर डोकं दाखव!"

असे तो बराच वेळ बोलत राहिला. त्याने समुद्राला हाका मारल्या, आपल्या मेलेल्या आज्याला हाका मारल्या, आणि मधूनमधून फोडावर आणखी तेल घातले. मग आवाज एकदम खाली आणून तो नावे घेऊ लागला. खाडीपलीकडच्या एका म्हातारीचे नाव घेतले. काही झाले नाही. बुडून मेलेल्या एका मच्छीमाराचे घेतले. काही झाले नाही. शेवटी तो कुत्रीच्या पाठीवर वाकला आणि हलकेच म्हणाला, "म्हातारा. पांढऱ्या केसांचा. एकटा राहणारा."

छिद्रातून एक पांढरे टोक वर आले.

"आई गं!" माझ्या शेजारच्या बाईने माझा दंड घट्ट धरला. चार फोन वर झाले. त्सुमाने दोन्ही अंगठ्यांनी फोड दाबला आणि एक जाड, पांढरी, वळवळती अळी बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवली.

"नाव काय त्याचं?" फोंडोने विचारले. मक्यावर येणाऱ्या माकडांना हुसकणारा त्याचा जुना कुत्रा याच खाजेने, याच फोडांनी झिजून नुकताच मेला होता.

"नाव आज नाही. बाजाराच्या दिवशी. हिच्या अंगात अजून आहेत. तेव्हा मी पुरतं नाव घेईन, आणि त्या नावाला किडा बाहेर आला, की माणूस तुमचा आणि निवाडाही तुमचा. तोवर एवढाच विचार करा." त्याने शर्टाची बाही नीट केली. "या गावात कुणाच्या कुत्र्याला खाज नाही?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. गर्दीच्या कडेला, इतरांपासून थोडे दूर, म्झे कित्साओ उभे होते आणि त्यांच्या पायांशी त्यांचा पिवळा कुत्रा, म्गेनी, बसला होता. म्झे म्हणजे वडीलधारा माणूस, आणि म्गेनी म्हणजे पाहुणा. कित्साओंची बायको हालुवा हिला अंगणात माती दिली, त्या दिवशी हा कुत्रा कुठूनसा येऊन त्या ओल्या मातीशेजारी बसला आणि परत गेलाच नाही, म्हणून हे नाव. त्याच्या अंगावर एक फोड नव्हता. सगळे गाव आपल्याकडे पाहते आहे हे लक्षात आल्यावर त्याने शेपूट हलवली.

कित्साओंनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि ते घराकडे वळले. माणसांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. पण वडीलधाऱ्यांना देतात तशी नव्हे.

पांढऱ्या केसांच्या एकट्या माणसावर असा संशय आला की पुढे काय होते, ते आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याचे झापांचे घर जळाले. तो आत होता. दिवा कलंडला, असे लोक म्हणतात. ज्यांचे नशीब त्याहून बरे असते, ते शहरातल्या कुणा नातेवाइकाच्या पडवीत जाऊन मरतात.

या सगळ्याची सुरुवात साध्या खाजेपासून झाली होती. मोठ्या पावसाच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर हवाच ओली असते. भिंती घामेजतात, मीठ पाझरते, आणि कुत्र्यांचे अंग कधी पुरते वाळतच नाही. काखेत, पोटाखाली, बोटांच्या बेचक्यांत ओल राहते. तिथली कातडी लाल होते, पिसवा वाढतात, कुत्रे चाटते, खाजवते, आणि चाटल्याने ती जागा आणखी ओली होते. कुत्र्याला रोज कोरडे पुसावे, साध्या साबणाने धुवावे, कडुनिंबाच्या काढ्याने अंग धुऊन काढावे, आणि चिघळले तर जवळच्या किलिफी शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे, एवढेच त्यात करण्यासारखे असते. आमच्या गावात लोक त्याऐवजी गाडीचे जळके ऑइल ओतत. मग त्सुमा आला आणि त्याने प्रत्येक कुत्र्यासाठी एकेक फडके दिले. ते गुहेतल्या झऱ्यात भिजवलेले होते म्हणे. ते कुत्र्याखाली अंथरायचे. आणि नियम एकच, त्या फडक्याने ना ऊन पाहायचे, ना आग. आठवड्या-दीड आठवड्यात कुत्र्यांच्या अंगावर फोड उठले. "शाप वर येतोय," त्सुमा म्हणाला. "फडकं त्याला ओढून काढतंय." मग तो एकेक अळी बाहेर बोलावू लागला आणि मोबदला म्हणून घरोघरच्या कोंबड्या त्याच्या दारात जमू लागल्या.

मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. अळी ही अळी असते आणि तिला नाव घेऊन हाक मारता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण फोंडोच्या मनातला प्रश्न माझ्याही मनात होता, आणि तो मला टाळता येत नव्हता. सगळ्या गावातला एकच कुत्रा सुटतो, तो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कित्साओंकडे गेले. तसे आमचे घर त्यांच्या घरापासून लांब नाही. मीही एकटीच राहते. नवरा वारला, मुलगे मोंबासाला असतात. पण माझ्या एकटेपणाला कुणी वाईट नाव ठेवत नाही, कारण मला पगार आहे आणि केसांना मी कलप लावते.

दारात म्गेनी उठून उभा राहिला. आतून घाईघाईने काहीतरी झाकल्याचा आवाज आला.

"कोण? बाई का?" कित्साओ बाहेर आले. "या या. थांबा, स्टूल ओलं आहे, पुसून देतो. फार दिवसांनी कुणी बसायला आलं."

"म्झे, लोक काय बोलतायत ते ऐकलंत ना?"

"कान म्हातारे झालेत बाई, बहिरे नाही झाले."

"फोंडो तुमचा सख्खा पुतण्या. तुमच्या खांद्यावर बसून बाजाराला जायचा."

"फोंडो वाईट नाही." त्यांनी स्टूल पुसून माझ्यापुढे ठेवले आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. "त्याचा कुत्रा गेला. आपलं काही गेलं ना, की ते कुणीतरी नेलं असं वाटावं लागतं. नुसतंच गेलं, हे सोसत नाही. हालुवा गेली तेव्हा मीसुद्धा शेजारच्या एका बाईकडे असाच बघायचो. बिचारी मला रोज मासळी आणून द्यायची."

अंगणात हालुवाची जागा होती. भोवती पांढरे शिंपले रोवलेले होते आणि एकही गवताची काडी नव्हती.

"तुम्ही त्सुमाचं फडकं घेतलं नव्हतंत का?"

"घेतलं ना. फोंडोच घेऊन आला होता. म्हणाला, काका, माझी कोंबडी गेली, पण तुमच्या पाहुण्यालाही खाज सुटायला नको." ते जरासे हसले आणि मग त्यांचे हसू थांबले. "एवढ्यातलीच गोष्ट आहे ही."

"मग ते कुठं आहे?"

त्यांनी नजर अंगणाकडे वळवली. आणि तेवढ्यात मला तो वास आला. तापलेल्या कापडाचा, कोळशाचा, किंचित करपट असा. तो वास आमच्याकडे प्रत्येक घरात येतो, पण बायकांच्या हातून येतो.

"म्झे, आत इस्त्री तापलीय?"

"नाही," ते म्हणाले. मग जमिनीकडे पाहत, "हो."

त्यांनी मला आत नेले. खाटेवर हालुवाचे लेसो होते. आमच्या बायका कमरेला गुंडाळतात ती छापील कापडे, कडेला कड जुळवून घडी केलेली. एक अर्धवट इस्त्री केलेला लेसो पोत्याच्या घडीवर पसरलेला होता आणि त्याच्याशेजारी कोळशाची इस्त्री टोपलीखाली झाकून धुमसत होती. ते पाहून मला प्रथम त्यांची भीती वाटली नाही, त्यांच्यासाठी भीती वाटली. दुखवटा संपला की मेलेल्या बाईचे कपडे तिच्या बहिणींत वाटून टाकायचे, हा आमचा रिवाज आहे. ते जो पुरुष घरात ठेवतो, तो ते कशासाठी ठेवतो, याबद्दल गाव एकच गोष्ट समजते, जादूटोणा.

"जुम्वाला दिले नाहीत तुम्ही?" जुम्वा हालुवाची धाकटी बहीण, गावातच राहणारी.

"एक दिला. बाकीचे आहेत तेच सांगितलं नाही." ते खाटेच्या कडेवर बसले. "ओल्या हवेनं यांना बुरशी धरते बाई. म्हणून रोज एक काढतो. धुतो, आतच दोरीवर वाळवतो, बाहेर घातला तर कुणी बघेल. मग इस्त्री. ती मला म्हणायची, इस्त्री न फिरवलेलं कापड उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही. फिरवत असलो ना, की वाटतं ती कुठंतरी बाहेर गेलीय आणि येईल आता." त्यांनी हाताने कापडाची एक चुणी सरळ केली. "इस्त्री थंड होईपर्यंत वाटतं."

म्गेनी आत येऊन कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर बसला. त्याच्याखाली घडी केलेले एक फडके होते. स्वच्छ, कडक, कडांवर पिवळसर झालेले.

"आणि हे? यालाही इस्त्री केलीत?"

"कुबट वास येत होता त्याला. घरात तसं कसं ठेवायचं? रोज धुतो आणि फिरवतो." मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की ती नजर मी विसरणार नाही. "नियम मोडला मी. आग दाखवू नका म्हणाला होता. बाई, खरं सांगा, मी नियम मोडला म्हणून तर बाकीच्यांच्या कुत्र्यांना नसेल ना झालं?"

आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, की ओल्या कपड्याला इस्त्री का करायची. ती सांगेल, आंब्याची माशी. सावलीत वाळणाऱ्या दमट कापडावर ती अंडी घालते. त्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात आणि कापड अंगाला लागले की त्या कातडीत शिरून वाढतात. म्हणून आमच्या आया लंगोटाच्या शिवणीवरूनसुद्धा इस्त्री फिरवत. हे सगळ्या गावाला माहीत होते. फक्त त्सुमाचे फडके हे कापड आहे, एवढेच कुणाच्या मनात आले नव्हते. ज्या वस्तूपुढे हात जोडले, तिच्यावर इस्त्री कोण फिरवणार?

"तुमच्यामुळे कुणाला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "तुमच्या कुत्र्याला का झालं नाही, तेवढं मी गावाला सांगते."

"नाही." ते उठून उभे राहिले. "बाई, तुमच्या मुलांची शपथ आहे. हे बाहेर सांगायचं नाही. जादूटोणा करतो म्हणाले तर म्हणोत. पण हालुवाचे कपडे घेऊन बसतो म्हणून हसतील, आणि मग येऊन घेऊन जातील. त्यापेक्षा मी गाव सोडतो."

"कुठं जाल?"

"तेच कळत नाही," ते म्हणाले.

परतताना मी वाट वाकडी करून त्सुमाच्या भाड्याच्या खोलीवरून गेले. तो गिऱ्हाइकांकडे गेला होता. मागच्या बाजूला, आंब्याच्या दाट सावलीत, दोरीवर नवी फडकी ओळीने टांगलेली होती, ओलसर आणि थंड. त्यांवर तपकिरी-पिवळ्या, बोजड माश्या निवांत बसल्या होत्या. त्याचे स्वतःचे कुत्रे मात्र फडक्यावर नव्हते. ते चुलीजवळ, उंच फळीवर, कोरड्या लाकडावर झोपले होते. मी एक फडके दोरीवरून काढून पिशवीत टाकले. शाळेतल्या भिंगाखाली त्याच्या शिवणीत तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी दिसली. ते फडके मी काचेच्या बरणीत ठेवले.

बाजाराच्या दिवशी आंब्याखाली आधीच्याहून जास्त माणसे होती. काहींनी काठ्या आणल्या होत्या आणि त्या आपण कशासाठी आणल्या, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते. कित्साओ आले होते. ते पळाले नव्हते. म्गेनी त्यांच्या पायांना चिकटून बसला होता.

"अरे वा, बाई!" त्सुमा मला पाहून म्हणाला. "शाळेला सुट्टी दिलीत वाटतं?"

"नाही, आज वर्ग इथंच भरलाय. प्रोफेसर, या कुत्रीच्या पाठीवर अजून दोनतीन फोड आहेत. एक तुम्ही घ्या, एक मला द्या. तेल तुमचंच."

"बायकांच्या हातानं किडा चिडतो."

"चिडू दे की," मागून जुम्वा म्हणाली. "आमच्या हातानं नवरेसुद्धा चिडतात. ते काय मरतात होय?"

हशा पिकला. गर्दीचे हसणे माझ्या बाजूला आहे हे पाहून मी पुढे झाले, कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एका फोडावर खोबरेलाचा जाड थर दिला. मग वाकून, त्सुमासारखाच आवाज काढून म्हणाले, "त्सुमा. ए त्सुमा. डॉक्टर त्सुमा. प्रोफेसर त्सुमा."

"हा काय पोरखेळ!" तो ओरडला. "देवाची चेष्टा करू नका!"

"देवाचं नाव कुठं घेतलं? तुमचंच घेतेय."

मी शांतपणे तेच नाव घेत राहिले आणि तेल घालत राहिले. लोक पाय बदलत उभे होते. मग पांढरे टोक वर आले. मी फोड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला आणि अळी पानावर ठेवली.

पुढची माणसे पानावर वाकली. मग जुम्वा म्हणाली, "अगं बाई! म्हणजे प्रोफेसरनंच धाडला होता की काय?"

"चोरी! ही चोरी आहे!" त्सुमाचा आवाज चिरकला. "माझा मंत्र हवेत होता, तो हिनं वापरला!"

"बरं. मग मंत्राशिवाय करू. फोंडो, इकडे ये. दुसऱ्या फोडावर तेल लाव आणि साताचा पाढा म्हण."

"मी?" फोंडो गडबडला. "बाई, तो मला शाळेतही येत नव्हता."

"म्हणूनच सांगतेय. जमेल तसा म्हण."

त्याने म्हटला. मध्येच अडकला, पुन्हा पहिल्यापासून म्हटला, दोनदा चुकला, आणि लोक त्याला मागून सांगू लागले. पाढा अजून पुरा झाला नव्हता, तोच फोंडो किंचाळला, "आली! आली!"

"नाव कुणाचंही घ्या, नाहीतर पाढा म्हणा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "अळी कातडीच्या आत राहते, पण श्वास बाहेरून घेते. ते छिद्र म्हणजे तिची खिडकी. तेलानं खिडकी बुजवली, की जीव गुदमरून ती वर येते. गुदमरायला वेळ लागतो, म्हणून मंत्र लांब असतो. बाकीची नावं आधी, आणि ज्याचं घर जाळायचं त्याचं नाव शेवटी."

त्सुमा दोन पावले मागे सरकला होता. पण फोंडो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अजून ते दुःख होते, ज्याला कुणीतरी जबाबदार हवे होते.

"हे पटलं, बाई," तो म्हणाला. "किडा कसा निघतो ते पटलं. पण माझा कुत्रा मेला. सगळ्या गावाचे कुत्रे कुजतायत. मग काकांच्याच कुत्र्याला का नाही? तेवढं सांगा."

उत्तर माझ्याजवळ होते, पण ते माझे नव्हते. मी कित्साओंकडे पाहिले. ते खाली पाहत होते.

"बघा! बघा!" त्सुमाला पुन्हा जीव आला. "शाळेची जीभ कुठं गेली? बोला बाई, बोला!"

गर्दीत कुजबूज सुरू झाली. एकाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात कित्साओ वळले आणि घराकडे चालू लागले.

"पळाला! म्हातारा पळाला!"

दोघेतिघे त्यांच्यामागे निघाले. फोंडो त्यांच्या आडवा झाला. "थांबा रे. कुत्रं मागं राहिलंय. काका कुत्र्याला सोडून जायचे नाहीत."

म्गेनी खरोखरच जागचा हलला नव्हता. धन्याच्या दाराकडे पाहत बसला होता. मग ते दार उघडले. कित्साओ बाहेर आले, तेव्हा त्यांच्या एका हातात धुमसती इस्त्री होती आणि दुसऱ्या हातावर, नवजात मूल धरावे तसे, हालुवाचे लेसो होते. सबंध वाट ते कुणाकडेही न पाहता चालत आले.

"हे हालुवाचे," ते म्हणाले. "मी दिले नाहीत. रोज इस्त्री करतो. कुत्र्याच्या फडक्यालाही करतो. ऊन-आग दाखवू नका म्हणाला होता, मी दाखवली. बाकी मी काही केलेलं नाही. हसायचं असेल तर हसा."

कुणी हसले नाही. बायका लेसोंकडे पाहत होत्या. त्यांतले बरेचसे त्यांनी हालुवाच्या कमरेला पाहिलेले होते, विहिरीवर, लग्नांत. जुम्वा पुढे आली. रिवाजाने ते तिचे होते आणि हे सगळ्यांना माहीत होते. तिने सगळ्यांत वरच्या लेसोवरून हात फिरवला, घडी उलगडून पाहिली आणि पुन्हा जशीच्या तशी घातली.

"माझ्याकडे असते तर एव्हाना चिंध्या झाल्या असत्या," ती म्हणाली. "तुमच्याकडेच असू द्या, भावोजी."

मग मी बरणी पुढे केली. फोंडोला म्हटले, काचेला बाहेरून तळहात लाव आणि थांब. उबेने आतल्या फडक्यावरून केसांसारखे पांढरे धागे उठले आणि त्याच्या हाताच्या दिशेने वळवळू लागले. त्याने हात असा मागे घेतला, जणू काच तापली होती. भिंग हातोहात फिरले. ज्या बायकांनी जन्मभर इस्त्री फिरवली होती, त्यांना त्यापुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

"अगं, ही तर आपली आंब्याची माशी!"

"आणि मी रोज रात्री कुत्र्याखाली हेच अंथरत होते!"

"कोंबडी देऊन!"

"प्रोफेसर," मी विचारले, "फडक्यानं आग पाहायची नाही. मग तुमच्या शर्टाला इस्त्री कशासाठी?"

सगळे त्याच्या बाहीवरच्या त्या धारदार घडीकडे पाहू लागले. त्याने नकळत तिच्यावर हात ठेवला. त्याला माशीची सगळी गोष्ट माहीत होती की नुसते एवढेच, की ओल्या फडक्यामागून फोड येतात, हे मी सांगू शकत नाही. पण आपले कुत्रे कोरड्या फळीवर निजवण्याइतके त्याला माहीत होते. त्याला कुणी मारले नाही. मी मारू दिले नाही. सायकलवर त्याच्या कोंबड्यांच्या टोपल्या मावल्या नाहीत, त्या तो तिथेच टाकून गेला.

फडकी जाळली गेली. पुढच्या आठवड्यात जनावरांचा डॉक्टर आला, चिघळलेल्या जखमांवर औषध लावून गेला, आणि कुत्र्यांना कोरडे ठेवा, कोरडे ठेवा, असे आम्हाला इतक्या वेळा सांगून गेला, की फोंडोने त्याचे गाणे केले. सुरुवातीचे काही दिवस गावातल्या बायका कुत्र्यांच्या गोधड्या घेऊन कित्साओंच्या दारात येत, कारण इस्त्री तर तिथे तापलेली असेच. मग सवय झाली, ज्याने त्याने आपापल्या घरी फिरवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या अंगणातली वाट पुन्हा गवताने भरू लागली.

मी हे लिहिले ते एका माशीची माहिती द्यावी म्हणून नाही. ती माहिती आमच्या गावात आधीपासून होती, माझ्याहून चांगली होती. ती फक्त एका ठिकाणी लावायची राहिली, कारण तिथे कुणीतरी प्रश्न विचारू नका असा नियम करून ठेवला होता. जिथे असा नियम दिसेल, तिथे आधी प्रश्न विचारा. फडक्याने ऊन का पाहायचे नाही? म्हाताऱ्याचा कुत्रा का खाजवत नाही? आणि उत्तर गर्दीत उभे राहून शोधू नका. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्या घरी जा आणि बसा. आमच्यापैकी एकजण जरी एखाद्या दुपारी त्या उंबऱ्यावर जाऊन बसला असता, तर त्याला तापलेल्या कापडाचा वास आला असता आणि सगळे तिथेच मिटले असते. कित्साओंवर संशय आला, तो त्यांच्या कुत्र्यामुळे नव्हे. ते दुपारी काय करतात, हे कुणालाच माहीत नव्हते म्हणून.

आता शाळा सुटली की मी तिकडून येते. ते स्टूल पुसून ठेवतात. बोलणे फारसे होत नाही. म्गेनी आपल्या फडक्यावर झोपलेला असतो, बाहेर पाऊस लागलेला असतो, आणि इस्त्री थंड होईपर्यंत आम्ही बसतो.